अर्धं थिजलेलं पिंप

३ डिसेंबर, मंगळवार

भावजयबाईंनी आज मला शिकवलं. मला! तीस वर्षं झाली मला या घाण्यावर बाटल्या भरताना. ही लग्न होऊन आली तेव्हा हिला खोबरं कुठलं आणि पेंड कुठली ते कळत नव्हतं. आणि आज बाटल्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणते, "वन्सं, थंडी पडलीय. भरायच्या आधी पिंप पूर्ण वितळवून घ्या हं. आणि नीट ढवळा."

हो म्हटलं. हो म्हटलं की ती जाते.

पिंप वितळवायचं म्हणजे खालच्या टाक्यात पाणी तापवायचं, दोन तास बसून राहायचं, मग माणसाच्या उंचीच्या लाकडी दांड्याने तळापासून ढवळायचं. माझ्या गुडघ्यांना कोणी विचारत नाही. भाऊ होता तेव्हा हे सगळं तो करायचा. मी सकाळी खाली उतरेपर्यंत पिंपातलं तेल पाण्यासारखं नितळ असायचं, मी फक्त तोटी सोडायची. भाऊ जाऊन दहा महिने झाले. घाणा बाबांनी त्याच्या नावावर केला होता, त्याने बायकोच्या नावावर केला. मधल्या मधे मी कुठे होते, हे दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही.

आज झाकण उघडलं तर खाली पांढरं थिजलेलं आणि वर चांगलं हातभर पातळ. म्हटलं, पातळ आहे ना? मग झालं. मोठ्या डावाने वरच्या वर काढून दहाच्या आत साठ बाटल्या भरल्या. खालचं दुपारी ऊन आलं की सुटेल, ते दुपारी भरू. डोकं वापरलं की काम होतं, त्याला दोन तास लागत नाहीत.

५ डिसेंबर

परत आलेल्या रिकाम्या बाटल्यांची लेबलं काढली. कापसाला थोडं तेल लावून चोळलं की जुना डिंक आपोआप सुटतो, नखं मोडत बसावं लागत नाही. हे माझं डोकं. सगळे आता तसंच करतात, पण नाव कोण घेतं? या तेलाने काय होत नाही? टाचांच्या भेगा, बोटात अडकलेली अंगठी, दाराची कुरकुर, केसात अडकलेलं च्युइंगम, पोरांच्या हाताला लागलेला रंग. भाजी चिरायच्या पाटाला महिन्यातून एकदा चोळा, वर्षानुवर्षं तडा जात नाही. घाण्याचं लाकूडसुद्धा त्याच्यावरच जगतं, रोज तेल पितं म्हणून टिकतं.

शिवणाच्या मशीनला पण मी हेच घालते. आज मशीन फिरेना. चाक हाताने ढकललं तरी जागचं हलत नव्हतं. भावजय म्हणाली, "वन्सं, थंडीत थिजतं ते. मशीनला मशीनचं तेल घाला." म्हणजे घाण्याच्या मालकिणीलाच घरच्या तेलाचा भरवसा नाही! मला तर वाटतं तिनेच मशीनला हात लावलाय.

९ डिसेंबर, सोमवार

सलूनवाला दोन बाटल्या घेऊन आला. टेबलावर शेजारी शेजारी आपटल्या. "ताई, एका दिवशी घेतल्या, एका फळीवर ठेवल्या. ही बघा, दगड. चमचा वाकला माझा. आणि ही बघा, अजून पाण्यासारखी. यातली खरी कुठली?"

मी बघतच राहिले. आमच्या बाटलीवर बाबांच्या वेळेपासून छापलंय, "यात खोबरेल तेलाशिवाय काहीही नाही." मी म्हटलं, दोन्ही खऱ्या. तो हसला. त्या हसण्याने माझं अंग पेटलं. म्हणाला, "थंडीत जे थिजत नाही, त्यात दुसरं काहीतरी असतं, हे लहान पोरालाही माहीत आहे."

भावजयीने त्याच्या दोन्ही बाटल्या ठेवून घेतल्या, नव्या दिल्या आणि वर माफी मागितली. निमूट! जिच्या मनात खोट नाही ती असं निमूट ऐकून घेते का? मी असते तर त्याला पायऱ्या उतरवल्या असत्या. तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणते, "वन्सं, पिंप वितळवूनच भरता ना?"

हो म्हटलं. आवाज जरा चढलाच माझा. चोर तो चोर आणि वर मलाच विचारते.

१० डिसेंबर

आमच्यात एकच फ्रीज आहे, वरच्या मजल्यावर, दोघींच्या खोल्यांच्या मधे. वरचा कप्पा तिचा, खालचा माझा. आज सकाळी भरलेली एक आणि दुपारी भरलेली एक, अशा दोन बाटल्या माझ्या कप्प्यात ठेवल्या आणि समोर खुर्ची टाकून बसले. तासाभराने काढल्या. दुपारची पार थिजलेली, पांढरीशुभ्र. सकाळची खाली मऊसर आणि वर दोन बोटं पातळ तेल तरंगतंय.

झालं. डोळ्यांनी बघितलं. भेसळ आहे. आणि ती सकाळच्या मालात आहे, म्हणजे रात्रीतून कोणीतरी पिंपात काहीतरी ओततं. खालच्या किल्ल्या कोणाकडे असतात? माझ्याकडे नसतात.

भाऊ असता तर मी पहिलं त्याला सांगितलं असतं. तो म्हणाला असता, "ताई, तू जरा दमाने घे." पण भाऊ नाही, आणि दमाने घ्यायचा मला कंटाळा आलाय.

१४ डिसेंबर, शनिवार

प्रसूतिगृहात तेल पोचवायला मी गेले. तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणजे आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. नव्या बाळांच्या मालिशला त्या दुसरं तेल हातात धरत नाहीत. आज चेहरा लांब. "यावेळच्या काही बाटल्या थिजल्या नाहीत. नाजूक कातडी असते हो बाळांची. काही बदललंय का तुमच्याकडे?"

मी काही बोलणार नव्हते. पण तोंडातून निघून गेलं. म्हटलं, भाऊ गेल्यापासून सगळंच बदललंय, मी बापडी काय बोलणार, तुम्हीच लक्ष ठेवा. त्यांनी मान हलवली. मला बरं वाटलं. मग पायऱ्या उतरताना बरं वाटेना. पण खरं ते खरं.

१७ डिसेंबर, मंगळवार

पकडली!

दुपारी ती समजत होती मी झोपलेय. मी खाली उतरले. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, फटीतून बघितलं. शेगडीवर मोठं पातेलं, आणि ही एका डब्यातलं पातळ तेल त्यात ओततेय, मग दुसऱ्या डब्यातलं घट्ट पांढरं काहीतरी पळीने खरवडून त्यात टाकतेय आणि ढवळतेय. शेजारी आमच्याच रिकाम्या बाटल्यांची रांग. एकात एक मिसळताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. घामाघूम झाली होती. चेहरा असा, की कोणी बघितलं तर जमिनीत जावं.

मी ओरडणार होते. ओरडले नाही. ओरडले असते तर तिने काहीतरी सांगितलं असतं, आणि तिला सांगता फार छान येतं. भाऊसुद्धा त्यालाच भुलला होता.

वर आले आणि अन्न तपासणीच्या कचेरीला अर्ज लिहिला. नाव घातलं नाही. "एक जागरूक नागरिक" असं लिहिलं. तीनदा लिहिला, पहिल्या दोन वेळी पेनाने कागद फाडला. रागाने.

१८ डिसेंबर

टाकला.

२४ डिसेंबर, मंगळवार

तपासनीस बाई आल्या. बारीक, चष्मा, आवाज अजिबात न चढवता बोलणाऱ्या. बरोबर दोन माणसं. पिंपातून, बाटल्यांतून, मागच्या खोलीतल्या पातेल्यातून नमुने घेतले. मग सगळ्यांना बाहेर काढलं, घाण्याच्या दाराला कुलूप घातलं, त्यावर कापड, कापडावर लाख. अहवाल येईपर्यंत बंद.

भावजय शेवटी बाहेर आली. पदराला तेलाचे हात तसेच. ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. फक्त तपासनीस बाईंना म्हणाली, "घाण्याला एकदा तेल पाजू द्या. कोरडा राहिला तर लाकूड तडकेल." त्या म्हणाल्या, लाख लागली की आम्हालाही आत जाता येत नाही.

मला वाटलं होतं आज मी पोटभर जेवेन. जेवण गेलं नाही.

३० डिसेंबर

सहा दिवस घर मुकं आहे. खाली घाण्याचा आवाज नसला की वर घड्याळाची टिकटिक ऐकू येते. आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

भावजय गच्चीवर खोबरं पसरते, संध्याकाळी गोळा करते, परत पसरते. तीस पोती आहेत. ओल धरली की बुरशी, आणि बुरशी धरली की सगळं फेकायचं. मी मदतीला गेले नाही. तिनेही बोलावलं नाही. जिन्यात समोरासमोर आलो तर ती भिंतीकडे सरकून मला वाट देते. ते मला सहन होत नाही. भांडावं तिने, मग मीही भांडेन.

८ जानेवारी, बुधवार

अहवाल घेऊन तपासनीस बाई स्वतः आल्या. वरच्या खोलीत बसल्या. चहा नको म्हणाल्या.

"भेसळ नाही. एकाही नमुन्यात खोबरेलाशिवाय काहीही नाही."

नाही कशी? मी बघितलंय!

"पण," त्या म्हणाल्या, "बाटल्या सारख्या नाहीत. एकाच पिंपातल्या असून काही लवकर थिजतात, काही थिजतच नाहीत. या तेलाचे दोन भाग असतात असं समजा. एक थंडीत आधी थिजतो आणि तळाला बसतो, दुसरा बराच वेळ पातळ राहतो. अर्धवट थिजलेल्या पिंपातलं वरचं वर काढून बाटल्या भरल्या, की वरच्या बाटल्यांत नुसता पातळ भाग जातो आणि खालच्यांत नुसता घट्ट. म्हणून पिंप पूर्ण वितळवून, ढवळून मगच भरायचं. आणि पातेल्यात काय होतं तुमच्या?"

भावजय म्हणाली, "गिऱ्हाइकांनी परत केलेल्या बाटल्या. मला तोच संशय आला होता. पातळ आणि घट्ट एकत्र वितळवून बघत होते, की थिजल्यावर पुन्हा पहिल्यासारखं होतंय का. झालं."

"मग बाटल्या भरतं कोण?"

मी खिडकीतून बाहेर बघत होते.

"आमच्या वन्सं," ती म्हणाली. "पण त्या पूर्ण वितळवूनच भरतात. मी रोज विचारत होते, रोज हो म्हणाल्यात. आमचं दोघींचं पटत नाही, साऱ्या गल्लीला माहीत आहे. पण या घाण्याच्या बाबतीत त्या खोटं बोलणार नाहीत. तेवढं मी लिहून देते."

तपासनीस बाईंनी चष्मा काढून पुसला. "तसं असेल तर दोष खोबऱ्यात किंवा घाण्यात असेल. मग पुन्हा नमुने घ्यावे लागतील. आणखी दीड महिना बंद."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. भावजयीनेही बघितलं. दोघी वाट बघत होत्या असं मला वाटलं, किंवा नसतीलही.

मी गप्प बसले.

९ जानेवारी

काही नाही.

१० जानेवारी

तिला कोणी सांगितलं होतं माझ्यासाठी लिहून द्यायला? मी मागितलं होतं का? शिव्या घातल्या असत्या तर मी शंभर उत्तरं दिली असती. तिचा इतका राग मला इतक्या वर्षांत आला नव्हता.

आणि मला तरी कोणी कधी सांगितलं होतं, पिंप का वितळवायचं ते? भाऊ नुसता करायचा. बाबा नुसते करायचे. मला वाटायचं तोटीतून नीट पडावं म्हणून करतात. कोणी एकदा तरी बसवून सांगितलं असतं! बाटल्या भर, लेबलं लाव, बस्स. घरातल्या मुलीला कशाला सांगायचं.

तिने मात्र सांगितलं होतं. ते मी इथे लिहायला नको होतं, पण आता शाईने लिहिलंय.

१२ जानेवारी, रविवार

दुपारी तीनची वेळ. मी पडले होते, झोप नव्हती. खालून आवाज आला. कट्. एकदाच. कोरडा, मोठा.

तो आवाज मी लहानपणी एकदाच ऐकला होता. बाबा आजारी होते, घाणा महिनाभर उभा होता, तेव्हा. बाबा अंथरुणातून उठून बसले होते.

मी बाहेर आले. भावजय जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती, एक हात कठड्यावर. तिनेही ऐकलं होतं. खाली जाऊन उपयोग नव्हता, दाराला लाख होती. ती तिथेच बसली. आणि रडली. भाऊ गेला तेव्हा मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. तोंड पदरात कोंबून, खांदे गदागदा हलत होते.

मी म्हटलं, "मी वितळवत नव्हते."

तिने वर बघितलं नाही.

"एकही दिवस नाही. थंडी सुरू झाल्यापासून. डावाने वरचं वर काढत होते. गुडघे दुखतात माझे. आणि तू सांगितलंस म्हणून तर मुळीच नाही."

तिने नाक पुसलं आणि विचारलं, "आणि अर्ज?"

मी पदर सारखा केला.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं मला," ती म्हणाली. "आमचं एवढं मनावर घेणारं दुसरं आहे कोण?"

मला वाटलं आता ती मला घराबाहेर काढेल. मी बॅगेत काय काय भरायचं तेही ठरवायला लागले. ती उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "चला. तपासनीस बाईंचं घर मला माहीत आहे. हेच सगळं तिथे बोलायचं. वितळवत नव्हते, इथपासून. अर्जासकट."

मी म्हटलं, आज रविवार आहे. ती म्हणाली, "लाकडाला रविवार असतो का?"

तसंच गेलो. बोलले. तपासनीस बाईंनी सगळं लिहून घेतलं, मला सही करायला लावली. पहिली सही वाकडीतिकडी आली. यावेळी रागाने नव्हे.

१४ जानेवारी, मंगळवार

लाख काढली. घाण्याच्या खालच्या लाकडाला बोटभर लांब तडा आहे. सुतार म्हणाला, वेळेवर आलात, आणखी आठवडा गेला असता तर दोन तुकडे झाले असते. भावजयीने कोमट तेलात फडकं बुडवून सबंध घाणा पुसून काढला, तीन वेळा. मी दुसरं फडकं उचललं. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

उघडायला परवानगी एका अटीवर मिळाली. डिसेंबरात विकलेली प्रत्येक बाटली परत आणायची, पातळ आणि घट्ट सगळं एका पिंपात ओतून पूर्ण वितळवायचं, ढवळायचं आणि नव्याने भरून द्यायचं. भावजयीने यादी केली. सलून, प्रसूतिगृह, घरं मिळून अठ्ठ्याण्णव ठिकाणं.

म्हटलं, निरोप पाठवू, लोक आणून देतील. ती म्हणाली, "नाही. आपण जायचं. मी गाडी ढकलीन. बोलायचं तुम्ही."

१५ जानेवारी, बुधवार

पहिलं ठिकाण तिने मुद्दाम प्रसूतिगृह निवडलं. मला पक्कं माहीत आहे मुद्दाम निवडलं.

मोठ्या सिस्टर पायऱ्यांवरच भेटल्या. आत बाकावर पाच-सहा बायका, मांडीवर बाळं. भावजय फाटकापाशी हातगाडीचा दांडा धरून उभी राहिली. मी सगळं मनात घोकून आले होते. म्हटलं, "सिस्टर, डिसेंबरच्या बाटल्या परत द्या. तेल चांगलं आहे, अगदी शुद्ध आहे, भरताना जरा गडबड झाली. दोन दिवसांत नवीन आणून देतो."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग फाटकाकडे बघितलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही म्हणालात ते खरंच निघालं तर. हिनेच ना?"

मी हो म्हणू शकले असते. मान नुसती जराशी हलवली असती तरी पुरलं असतं. फाटकापासून काही ऐकू गेलं नसतं.

"नाही," मी म्हटलं. "माझी चूक."

"काय?" फाटकातून भावजयीचा आवाज आला. "इथे ऐकू आलं नाही."

बाकावरच्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. एक बाळ रडायला लागलं. मला वाटलं, हिचा गळा धरावा. मी पायऱ्यांवरून वळले, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि छातीत मावेल तेवढा श्वास भरून ओरडले, "माझी चूक! बाटल्या मी चुकीच्या भरल्या आणि नाव हिचं घेतलं!"

रस्त्यावरचे दोघे थांबले. सिस्टर आत गेल्या आणि बाटल्यांचा खोका घेऊन आल्या. मी तो गाडीवर ठेवला. भावजयीने यादी काढली, एका नावावर रेघ मारली, आणि गाडी पुढे ढकलत म्हणाली, "आवाज एवढाच ठेवा. अजून सत्त्याण्णव आहेत."